ओव्यांच्या वह्या, जुना फॉन्ट आणि ‘८३ टक्के’

प्रश्न : मी मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी अनुदानित वरिष्ठ महाविद्यालयात १४ वर्षांपासून मराठी शिकवते. वय ४७. आमच्या परिसरातील जात्यावरच्या ओव्यांवर माझे पीएच. डी.चे काम रखडत रखडत चालू आहे. सुमारे ६० ध्वनिमुद्रणे मोबाईलमध्ये आहेत, सात वह्या हाताने लिहिलेल्या आहेत आणि ११० पाने डीटीपी सेंटरमधून जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून घेतली आहेत. दुसरीकडे महाविद्यालयाच्या गुणवत्ता समितीला माझ्याकडून ‘वापरत असलेल्या डिजिटल साधनांची यादी’ हवी आहे. त्यातच तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थ्याचा प्रकल्प एका सहकाऱ्यांनी कुठल्याशा संकेतस्थळावर तपासला आणि तो ‘८३ टक्के एआयने लिहिलेला’ निघाला. त्याच्या संदर्भसूचीतील एक पुस्तक मलाही कुठे सापडत नाही. सहकारी म्हणतात, शून्य गुण द्या. मुलगा म्हणतो, मीच लिहिले. रोज एक नवे साधन कानावर येते आणि आपण मागे पडलो असे वाटते. यातले नेमके काय शिकू आणि कुठून सुरुवात करू?

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा ‘६० ध्वनिमुद्रणे मोबाईलमध्ये आहेत’ या वाक्यापाशी अडखळलो. ती फक्त मोबाईलमध्येच असतील, तर बाकी सगळे बाजूला ठेवा आणि आज रात्री ती केबल लावून संगणकावर उतरवून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून स्वतःलाच पाठवण्याचा सोपा मार्ग घेऊ नका, कारण त्यात आवाज दाबला जाण्याचा धोका असतो आणि ओवीच्या शेवटी ओढलेला सूर त्यात पहिला जातो. एक प्रत संगणकावर, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या घरी, म्हणजे माहेरी किंवा बहिणीकडे ठेवा. प्रत्येक फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, दिवस, गाव आणि क्रमांक असा क्रम ठेवला की सगळ्या फाइली आपोआप काळानुसार लागतात. मी ३१ वर्षे ग्रंथपाल होतो. हरवलेल्या पुस्तकांपेक्षा, ‘ऑडिओ ००४७’ अशा नावाखाली असूनही न सापडणाऱ्या गोष्टींनी मला जास्त छळले आहे.

आता त्या मुलाविषयी. ‘८३ टक्के’ हा आकडा कृपया निकालाचा आधार करू नका. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी लोकांसाठी खुले झाले. ते तयार करणाऱ्या ओपनएआय कंपनीनेच जानेवारी २०२३ मध्ये यंत्राचे, म्हणजे एआयचे, लेखन ओळखणारे साधन आणले, आणि त्याची अचूकता कमी असल्याचे सांगून जुलै २०२३ मध्ये ते बंदही केले. कंपनीच्या स्वतःच्या चाचणीत ते साधन यंत्राने लिहिलेल्या मजकुरापैकी २६ टक्केच ओळखू शकले होते आणि माणसांनी लिहिलेल्या मजकुरापैकी ९ टक्के मजकूर त्याने यंत्राच्या नावावर टाकला होता. त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी, इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्या परीक्षार्थींचे ९१ इंग्रजी निबंध अशा सात साधनांना दाखवले. सरासरीने त्यांतील ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरले, जरी ते सारे माणसांनीच लिहिलेले होते.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ही साधने बहुतांशी एवढेच पाहतात, की पुढचा शब्द किती अपेक्षित होता. शब्दसाठा बेताचा असेल आणि वाक्ये ठरलेल्या साच्यातली असतील, तर तो मजकूर त्यांना यंत्राचा वाटतो. आता आपल्या मुलांचा विचार करा. घरी एक बोली बोलायची आणि उत्तरपत्रिकेत प्रमाण मराठी लिहायची, ती शिकायची कुठून, तर गाइडातून. ‘प्रस्तुत कवितेत कवीने निसर्गाचे मनोहारी चित्रण केलेले आहे’ हे वाक्य तुम्ही आणि मी चॅटजीपीटी जन्माला येण्यापूर्वी किती हजार वेळा वाचले असेल? त्या साधनाने त्या वाक्याला यंत्राचे म्हटले, तर दोष एकट्या मुलाच्या माथी मारता येणार नाही. आणि जी साधने मुख्यतः इंग्रजीवर घडवली व तपासली गेली, त्यांचा मराठीबद्दलचा कौल मी तरी कोणाच्या गुणपत्रिकेच्या आसपास येऊ देणार नाही.

न सापडणारे पुस्तक ही मात्र वेगळी आणि जास्त गंभीर बाब आहे. भाषा जुळवणारे यंत्र शब्दांमागे शब्द जुळवते. संदर्भसूची मागितली की लेखकाचे पटणारे नाव, विषयाला साजेसे शीर्षक, पुण्याची एखादी प्रकाशनसंस्था आणि साल असा शोभिवंत ऐवज ते मांडते, आणि त्यातला काही भाग कधी छापला गेलेलाच नसतो. न्यूयॉर्कमधील वकिलांनी अशाच अस्तित्वात नसलेल्या निवाड्यांचे दाखले न्यायालयात सादर केले होते आणि त्यांना जून २०२३ मध्ये ५,००० डॉलरचा दंड झाला, तेव्हा आपला तृतीय वर्षाचा मुलगा फसला तर नवल नाही. माझ्या निवृत्तीच्या सुमारास एक विद्यार्थिनी ९ पुस्तकांची चिठ्ठी घेऊन आली होती. पाच कपाटात मिळाली. उरलेल्या चारांसाठी मी अर्धा दिवस तालिका उलथीपालथी केली आणि नंतर कळले, की ती चिठ्ठी यंत्राने लिहून दिली होती. त्या दिवशी राग आला तो तिचा नव्हे, माझाच, कारण चौथ्या शीर्षकालाच मला शंका यायला हवी होती.

तेव्हा मुलाला दहा मिनिटे समोर बसवा. ‘हे पुस्तक आणून दाखव’ एवढेच म्हणा. ते कुठे असू शकते हे त्यालाच शोधू द्या : ग्रंथालयाची तालिका, विद्यापीठाचे ग्रंथालय, आणि पुस्तक १९५० पूर्वीचे म्हणून दाखवलेले असेल तर शं. ग. दाते यांची मराठी ग्रंथसूची, जिच्या दोन भागांत १८०० ते १९५० या काळातील मराठी छापील ग्रंथांची नोंद आहे. नंतर प्रकल्पातील दोन परिच्छेद त्याच्याकडून तोंडी समजावून घ्या. पुस्तक नसल्याचे सिद्ध झाले तर संदर्भांचे गुण पूर्ण कापा आणि तो भाग पुन्हा लिहून मागा. शून्य देऊ नका. पाहिले नाही ते पुस्तक पाहिले असे त्याने लिहिले, हा त्याचा दोष आहे आणि तो त्याच्यासमोर पुराव्यानिशी ठेवता येतो. यंत्र वापरले का, या वादात तुमच्याकडे पुरावा नाही आणि त्याच्याकडेही नाही.

खरे तर प्रकल्पाचा विषयच बदलायला हवा, आणि त्यासाठी तुमच्याइतकी तयारी फार थोड्या प्राध्यापकांकडे असेल. ‘आधुनिक मराठी कवितेतील निसर्ग’ असा विषय दिला की यंत्राला आयते कुरण मिळते. त्याऐवजी प्रत्येकाने आपल्या घरातल्या किंवा वस्तीतल्या एखाद्या वयस्क बाईकडून पाच ओव्या घ्याव्यात, जशा ऐकल्या तशा लिहाव्यात आणि त्यांचे छापील किंवा डिजिटल संग्रहांतील पाठभेद शोधावेत. इथे एक फार मोठा ठेवा हाताशी आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्यातून सुरू केलेल्या कामात गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या मदतीने जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या गेल्या. बर्नार्ड बेल या संगीत आणि संगणक दोन्ही जाणणाऱ्या अभ्यासकाने त्यांचा संगणकीय संग्रह बांधायला हातभार लावला आणि पत्रकार पी. साईनाथ यांच्या ‘पारी’ या ग्रामीण भारतावरील संग्रहस्थळावर २०१७ पासून त्या ओव्या आवाजासह, गाणारणीच्या नावागावासह प्रसिद्ध होत आहेत. तुमच्या गावातल्या ओवीत ‘बंधवा’ आहे आणि तिकडे मुळशीकडच्या ओवीत त्याच जागी दुसरे नाते आहे, असे एखाद्या मुलाला सापडले, तर त्याला संशोधन म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागणार नाही. यंत्र वापरायला मनाई करू नका. शेवटी एक पान जोडायला सांगा : यंत्राला काय विचारले, त्याने काय सांगितले, आजीला तेच विचारल्यावर ती काय म्हणाली. त्या एका पानाला गुण भरपूर ठेवा.

आता तुमच्या प्रबंधाकडे येतो. तुम्ही ‘कोणते साधन शिकू’ असे विचारले आहे, पण तुमचा कच्चा मालच अजून साधनांना वाचता येईल अशा रूपात नाही आणि नव्या साधनांच्या जाहिराती हा मुद्दा कधी सांगत नाहीत. डीटीपी सेंटरमधली ती ११० पाने जुन्या फॉन्टमध्ये आहेत, याचा अर्थ संगणकाच्या लेखी ती मराठी नाहीतच. जुन्या पद्धतीत रोमन अक्षरांच्या घरात मराठी आकृत्या बसवलेल्या असत. फॉन्ट आहे तोवर ‘क’ दिसतो, फॉन्ट काढला की तिथे चिन्हांचा कचरा उरतो. युनिकोड या जागतिक लिपी-प्रमाणात मात्र प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे आणि देवनागरीला तो १९९१ पासून आहे. जुन्या फॉन्टमधील मजकुरात शोध घेता येत नाही, तो क्रमाने लावता येत नाही आणि यंत्राला दिला तर यंत्र त्यावर बिनदिक्कत बरळते. शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारातले कितीतरी मराठी प्रबंध याच कारणाने शोधात सापडत नाहीत : काही नुसती पानांची छायाचित्रे आहेत, काहींत आतला मजकूर जुन्या फॉन्टचा आहे, आणि शीर्षके कोणी देवनागरीत भरली आहेत तर कोणी रोमनमध्ये. म्हणून तिथे शोधताना ‘ओवी’, ‘ओव्या’, ‘लोकगीत’ असे देवनागरीत आणि त्याच शब्दांची रोमन रूपे दोन-तीन प्रकारे लिहून, असे सगळे करून पाहा.

फॉन्ट बदलून देणारे परिवर्तक मोफत मिळतात. पण रूपांतर झाल्यावर डोळ्यांत तेल घालून वाचावे लागते, विशेषतः पहिली वेलांटी, रफार आणि ‘ऱ्य’. ‘दऱ्याखोऱ्या’चे ‘दर्याखोर्या’ झालेले मी पाहिले आहे, आणि दरी व दर्या यांतला फरक ओवीच्या अभ्यासकाने तरी सोडता कामा नये. ११० पाने म्हणजे रोज पाच पाने धरली तर तीन आठवड्यांचे काम. सात वह्यांसाठी मोबाईलचे बोलून टाइप करण्याचे साधन उपयोगी पडेल, कारण ते मराठी बऱ्यापैकी लिहून घेते. अडचण अशी, की ते बोलीला सुधारायला जाते. मी स्वतः ‘बंधवाची गाडी’ असे म्हणून पाहिले तर ‘बांधवांची गाडी’ उमटले, ‘म्हायेर’ म्हटले तर ‘माहेर’. पत्रासाठी ही सेवा झाली, तुमच्यासाठी ही नासधूस आहे. तेव्हा वहीवरून बोलून टाइप करा, पण तपासताना डावीकडे वहीच उघडी हवी.

ध्वनिमुद्रणांसाठी मी तुम्हाला एकच नवे साधन मनापासून शिकायला सांगेन. त्याचे नाव ईलॅन. नेदरलँड्समधील नायमेगेन येथील माक्स प्लांक भाषामानसशास्त्र संस्थेने ते तयार केले असून ते मोफत आहे. आवाजाची रेघ पडद्यावर उमटते, एका ओवीपुरता तिचा तुकडा निवडायचा आणि खाली थर लिहीत जायचे. तुमच्यासाठी मी तीन थर सुचवतो. पहिल्यात जसे गायले तसे, म्हणजे ‘म्हायेर’ ते ‘म्हायेर’च. दुसऱ्यात प्रमाण मराठीत अर्थ. तिसऱ्यात संदर्भ, म्हणजे गाणारी कोण, ती कोणाला उद्देशून म्हणते आहे, मध्येच ती का हसली किंवा का थांबली. एकदा असे दहा-पंधरा ओव्यांचे झाले की ‘बंधवा’ हा शब्द शोधताच तो जिथे जिथे गायला गेला तेवढे तुकडे आवाजासह समोर येतात. वहीत तुम्ही ओवी लिहिता तेव्हा बाईचा श्वास, तिची पुनरुक्ती, मागून येणारी घरघर हे सारे गळून जाते. इथे ते मजकुराला चिकटून राहते, आणि प्रबंधात केलेल्या विधानाचा पुरावा मार्गदर्शकांना ऐकवता येतो. पहिले दोन दिवस हे साधन कंटाळवाणे वाटेल. तिसऱ्या दिवशी पुन्हा उघडा.

संदर्भांच्या नोंदी ठेवून सूची करण्यासाठी झोटेरो घ्या. अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास केंद्राने ते २००६ मध्ये आणले आणि तेही मोफत आहे. देवनागरीतील नोंदी ते व्यवस्थित सांभाळते. फक्त आडनाव आणि नाव आपण योग्य रकान्यात भरायला हवे, नाहीतर संदर्भसूचीचा अकारविल्हे क्रम बिघडतो. पुस्तक हातात असतानाच नोंद करायची ही सवय लावून घ्या, म्हणजे त्या मुलासारखी वेळ आपल्यावर येत नाही.

मग यंत्राची, म्हणजे चॅटजीपीटी, जेमिनी वगैरेंची मदत घ्यायची की नाही? घ्या, पण आधी परीक्षा घेऊन. तुम्ही स्वतः विषयवार लावलेल्या २० ओव्या निवडा, वर्गीकरण न दाखवता त्या यंत्राला द्या, त्याच्याकडून वर्गीकरण मागा आणि शेजारी शेजारी ठेवून चुका मोजा. माझा अंदाज असा, की सासर-माहेर, भाऊ-बहीण असे ढोबळ गट ते ठीक करील आणि जिथे ओवी वरकरणी विठ्ठलाशी बोलते पण टोमणा नवऱ्याला आहे, तिथे ते सपशेल आपटेल. ते कुठे आपटते हे कळले की कोणते काम त्याला द्यायचे हेही कळते. इंग्रजी लेखांचा गोषवारा, तुमच्या इंग्रजी सारांशाची भाषातपासणी, याद्यांची मांडणी एवढ्यासाठी ते चांगले आहे. गूगलच्या नोटबुकएलएममध्ये आपण दिलेल्या कागदपत्रांपुरतीच उत्तरे मागता येतात आणि उत्तरासोबत मूळ जागा दिसते. इंग्रजी लेखांच्या ढिगात वाट काढायला मी ते वापरतो, पण उत्तरावर न थांबता मूळ जागा उघडून पाहतो. यंत्राची जी मदत घ्याल तिचा उल्लेख प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात करा आणि तसे मार्गदर्शकांना आधीच सांगून ठेवा.

साम्यतपासणीची, म्हणजे मजकूर दुसरीकडून उचलला आहे का हे पाहणाऱ्या संगणकीय तपासणीची, धास्ती तुम्हालाही असेल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यापुढे ४०, ६० असे टप्पे आहेत, आणि श्रेय देऊन अवतरणात घेतलेला मजकूर व संदर्भसूची मोजणीतून वगळायची असते. प्रबंधात ओव्या पानोपानी असणार, म्हणून प्रत्येक ओवी अवतरण म्हणून स्वच्छ वेगळी दिसेल अशी मांडा आणि अहवाल काढणाऱ्या ग्रंथपालांना तसे आधी सांगा. संशोधन नियतकालिके खुली करून देणाऱ्या ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ या शासकीय योजनेचा गवगवा तुमच्याही कानावर आला असेल : नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, सुमारे १३,००० नियतकालिके. पण ती केंद्र आणि राज्य शासनांच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आहे. खासगी व्यवस्थापनाच्या अनुदानित महाविद्यालयासाठी इन्फ्लिबनेट या केंद्रीय ग्रंथालय-जाळ्याच्या एन-लिस्टचे, म्हणजे महाविद्यालयांना ई-पुस्तके व ई-नियतकालिके देणाऱ्या सेवेचे, दार जास्त जवळचे आहे. महाविद्यालय सदस्य असेल तर ग्रंथपालांकडून आपले खाते उघडून घ्या. कित्येक महाविद्यालयांत वर्गणी भरली जाते आणि प्राध्यापक ते खाते उघडतच नाहीत, ही आमच्या पेशाची जुनी खंत आहे.

समितीची यादी अर्ध्या तासात होईल. वर्गात दाखवता ते व्हिडिओ, गूगल क्लासरूम, झोटेरो, ईलॅन, एन-लिस्ट असे जे वापरता ते लिहा, जे वापरत नाही ते लिहू नका. त्या यादीत खरोखर कामाची भर घालायची असेल तर प्लिकर्स पाहा. प्रत्येक मुलाच्या हाती चौकोनी चिन्ह छापलेला एक कागद द्यायचा, उत्तर अ, ब, क की ड यानुसार त्याने तो फिरवून धरायचा आणि तुम्ही एकट्या आपल्या मोबाईलचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा, की कोणाचे काय उत्तर ते नोंदले जाते. ज्या वर्गात तीन मुलांत एक मोबाईल आहे तिथे मुलांच्या मोबाईलवर चालणाऱ्या प्रश्नमंजूषा कागदावरच राहतात, ही मात्र चालते. आणि मागच्या बाकावरची, कधीच हात वर न करणारी मुलगी कागद बिनधास्त वर करते.

मागे पडल्याच्या भावनेबद्दल एवढेच सांगतो, की रोज येणाऱ्या साधनांतील बहुतेक तुमच्या कामाची नाहीत आणि त्यांची नावे ठाऊक नसल्याने काही बिघडत नाही. या सत्रात फॉन्ट आणि झोटेरो, सुट्टीत ईलॅन. यापलीकडे काही मनावर घेऊ नका.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी लिहितो. ती ६० ध्वनिमुद्रणे ज्या बायांची आहेत, त्यांचा आवाज कोणत्याही मोफत संकेतस्थळावर चढवण्यापूर्वी त्यांना विचारा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशात २०२३ मध्ये झाला आहे, पण कायद्याच्या आधीपासून ही साधी रीत आहे. सहीचा छापील कागद पुढे केला तर त्या बुजतील, म्हणून पुन्हा भेटायला जाल तेव्हा आधीचे गाणे त्यांना ऐकवा, ते कुठे ठेवायचे आहे आणि कोण ऐकेल हे सांगा, आणि होकार असो वा नकार, तो त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून त्या फाइलच्या शेजारी ठेवा. प्रबंधात नाव घालू का, हेही त्याच वेळी विचारा. काहीजणी सुनेचा विचार करून नको म्हणतील. ज्या हो म्हणतील, त्यांचे पूर्ण नाव आणि गाव ओवीखाली लिहा.